शुक्रवारचा प्रेक्षक

मालेगावात सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. आठवडाभर यंत्रमागांची खडखड गल्लीबोळांत भरून राहिलेली असते. शुक्रवारी ती थांबली की गाव मोठ्याने बोलायला लागतं. जुम्म्याची नमाज, न्हाव्याकडची गर्दी, चहाच्या हॉटेलातल्या गप्पा, आणि मग पिक्चर. 2023 च्या दिवाळीत इथल्या मोहन सिनेमात सलमान खानच्या नव्या चित्रपटाच्या चालू खेळातच प्रेक्षकांनी फटाके उडवले होते. ती चित्रफीत देशभर फिरली आणि लोकांनी कपाळावर हात मारून घेतला. मारायलाच हवा होता. बंद थिएटरात आग लागली असती तर काय, हा प्रश्न खराच आहे. तरी मी ती चित्रफीत पुन्हा पाहिली ती वेगळ्या कारणासाठी. अंधारात दबकून बसणं त्या माणसांना मंजूरच नव्हतं. पडद्यावर जे चाललंय त्यात आपलाही काही वाटा आहे, असं धरूनच ती तिकीट काढून आली होती.

गावातल्याच मित्रांना घेऊन गाजलेल्या चित्रपटांची स्वस्तातली विडंबनं करणाऱ्या नासिर शेख यांनी सिनेमा केला तो या प्रेक्षकासाठी.

त्यांची गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. फैजा अहमद खान यांनी मालेगावच्या या मंडळींवर 2008 साली माहितीपट केला. नंतर रीमा कागती यांनी त्याच गोष्टीवरून बेतलेला हिंदी चित्रपट 2025 च्या फेब्रुवारीत थिएटरांत आला, त्यात नासिर यांची भूमिका आदर्श गौरवने केली. त्यामुळे गोष्ट पुन्हा सांगण्यात फारसा अर्थ नाही. पण ती सांगताना सगळेजण ज्या जागी टाळ्या वाजवतात ती जागा चुकते, असं मला बरेच दिवस वाटतंय.

टाळ्या पडतात त्या सायकलीला. ट्रॉली नाही म्हणून कॅमेरावाल्याला सायकलवर बसवून मागून ढकलायचं. क्रेन नाही म्हणून बैलगाडीचा उपयोग करायचा. 2000 च्या सुमारास 50 हजारांच्या आसपास पैशांत त्यांनी ‘मालेगाव के शोले’ केला तेव्हा घोडे परवडणारे नव्हते, म्हणून गब्बरचे डाकू सायकलींवरून आले. पुढे ‘सुपरमॅन’ केला. नायक शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा काडीपैलवान. चड्डीची नाडी लोंबतेय, लाल कापड पाठीवर फडफडतंय, मागे हिरवा पडदा लावलाय आणि तो हवेत उडतोय. माहितीपटात एके ठिकाणी त्यांचा कॅमेराच पाण्यात पडतो. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षागृहांत हे पाहताना लोक आधी हसतात, मग हळवे होतात आणि बाहेर पडताना म्हणतात, काय जुगाड आहे राव!

या कौतुकात खोट आहे असं मी म्हणणार नाही, पण ते फार सोपं आहे. ज्याच्याकडे क्रेन नाही त्याने बैलगाडीवर कॅमेरा चढवला, यात कल्पकता आहेच. पण उद्या त्याला क्रेन मिळाली तर तो आनंदाने बैलगाडी सोडेल. गरिबीची हौस कुणालाच नसते. आपण सायकलीचं कौतुक करतो कारण त्यात आपल्याला काही द्यावं लागत नाही. शिवाय सगळं लक्ष साधनांवर गेलं की त्या माणसाला नेमकं काय येत होतं, हे विचारायचं राहून जातं.

नासिर यांचं व्हिडिओ पार्लर होतं. सिनेमाची शाळा म्हणाल तर तीच. त्या काळची व्हिडिओ सेंटरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. माझं लहानपण मनमाडचं. मालेगावला रेल्वे नाही, तिकडच्या माणसाला गाडी पकडायची तर मनमाडलाच यावं लागतं, एवढा आमचा शेजार. आमच्याकडे पत्र्याच्या खोलीत टीव्ही, व्हीसीआर, सतरंज्या आणि दाराशी पैसे घेणारा एक इसम, एवढ्यात थिएटर उभं राहायचं. कॅसेटी बहुतेक चोरट्या असायच्या, अधूनमधून धाड पडायची, चार दिवस कुलूप आणि पाचव्या दिवशी पुन्हा बोर्डावर खडूने पिक्चरचं नाव. पोरींना तिथे मज्जाव होता, त्यामुळे मी दारातून जितकं दिसेल तितकं पाहिलंय. मात्र गल्लीत कुणाकडे बारसं-लग्न झालं की भाड्याने व्हीसीआर यायचा आणि रात्रभर लागोपाठ तीन पिक्चर चालायचे, तेव्हा सगळं पोटभर बघता यायचं. तिथे व्हीसीआर चालवणारा माणूस मला फार महत्त्वाचा वाटायचा. लोक ओरडायचे, मागे घे रे! तो फायटिंग मागे घ्यायचा. कंटाळवाणं गाणं आलं की, पळव! तो पळवायचा. कुठे लोक विडी ओढायला बाहेर जातात, कुठल्या वाक्याला आधीच हसायला लागतात, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसायचं.

चित्रपट संस्थेत संकलनाच्या टेबलावर बसून जे शिकवतात त्यातला बराच भाग या माणसाच्या हातात असतो. प्रसंग कुठे तोडायचा, किती लांबवायचा, कुठे थांबलं की माणसं पुढे सरकून बसतात. नासिर यांनी चॅप्लिन, ब्रूस ली आणि हिंदी मारधाड एकाच खोलीत, एकाच प्रकारच्या माणसांना दाखवली होती. विडंबन त्यांना सुचलं याचं मला मुळीच नवल वाटत नाही. ज्याचा मूळ चित्रपट गावाला तोंडपाठ आहे, त्याचंच विडंबन जमतं. आणि गावाला काय तोंडपाठ आहे हे पार्लरवाल्याला माहीत होतं. त्यांच्या सुपरमॅनसमोरचा खलनायक घाणीवर प्रेम करणारा आहे. हे अमेरिकेत कुणाला सुचणार नाही आणि मालेगावात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

बाहेरच्यांना मालेगाव माहीत होतं ते 2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांमुळे. त्याच काळात त्या गावात माणसं नाडी लोंबणाऱ्या सुपरमॅनच्या तयारीत होती. शफीक पुढे कर्करोगाने गेला. त्याच्यावर लिहिताना सगळ्यांचाच सूर भरून येतो. माझ्या लक्षात त्याची एक वेगळीच गोष्ट राहिली आहे: शूटिंग चालू असताना त्याचं लग्न ठरतं आणि सुपरमॅन रजेवर जातो.

याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला, 1870 साली धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. त्यांना थेट स्वयंशिक्षित म्हणता येणार नाही, जे. जे. आणि बडोद्याचं कलाभवन झालेलं होतं, छपाई येत होती, फोटोग्राफी येत होती, जादूचे प्रयोगही ते करत. पण चित्रपट इथे कुणीच शिकवत नव्हतं. विमा पॉलिसी गहाण ठेवून 1912 मध्ये ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. पैसेवाल्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी आधी काय केलं, तर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं याचं रोज थोडं थोडं चित्रण करून ते सलग दाखवलं. गोष्ट नाही, नट नाहीत, फक्त एक कोंब वर येताना दिसतो. कमी पैशांत आपल्याला हे येतं हे पटवणारी याहून चांगली फिल्म मला आठवत नाही.

फाळक्यांच्या घरची गोष्ट सांगताना त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा उल्लेख सत्कारसमारंभातल्या आभारासारखा शेवटी येतो. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, ती धुणं, एवढ्या माणसांचा स्वयंपाक, आणि चित्रण चालू असताना ऊन परावर्तित करायला पांढरी चादर ताणून उभं राहणं, हे सगळं त्यांनी केलं. आज आमच्याकडची पोरं त्याच कामाला थर्माकोलची शीट धरतात. ती धरणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत बहुतेक वेळा नसतं, हेही तसंच चालू आहे.

बायका मिळेनात म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती अण्णा साळुंके यांनी केली, ते मुंबईत एका उपाहारगृहात कामाला होते. मालेगावच्या मंडळींनाही गावातली मुलगी कधी मिळाली नाही. नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. आणि आजही तालुक्याच्या गावात चार पोरं शॉर्ट फिल्म करायला निघाली की पहिली अडचण कॅमेऱ्याची नसते. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात असतो. ‘तुझ्या बहिणीला विचार ना’ आणि ‘तुझ्याच बहिणीला विचार’ इथे गाडी अडते. मग पटकथेतली आई आजारी पडते, दुसऱ्या खर्ड्यात ती वारते, आणि तिसऱ्या खर्ड्यात तिचा भिंतीवर हार घातलेला फोटो उरतो. स्त्री पात्र असं लिहितालिहिता मरताना मी कितीतरी वेळा वाचलं आहे.

वाचलं आहे, कारण आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या लघुपट महोत्सवात निवड समितीवर मी बसते. मानधन म्हणून शाल आणि रोप मिळतं. फायदा एवढाच की ग्रामीण भागातली विशी-बाविशीतली मुलं काय बनवताहेत ते थेट बघायला मिळतं. मला नवल वाटतं ते चित्राचं. मोबाइलवर काढलेली दृश्यं सुरेख असतात. संध्याकाळचा उजेड त्यांना कळतो. ड्रोन लग्नाच्या शूटिंगवाल्या मित्राकडून तासाभरासाठी आणलेला असतो. संकलन मोबाइलवरच, एसटीत बसल्या बसल्या केलेलं असतं आणि तरी ते नेटकं असतं. हे सगळं त्यांना कुणी शिकवलेलं नाही. यूट्यूबवर कुणीतरी हिंदीत सांगितलं, ते यांनी करून पाहिलं.

मग आवाज येतो, आणि सगळं कोसळतं. विहिरीवरची मोटर, दूरचा ट्रॅक्टर, माइकवर घासणारा वारा. पात्र काय बोललं ते ऐकू येत नाही, म्हणून पुढच्या वेळी पोरं गोधडीखाली बसून डबिंग करतात. मग माणूस उभा आहे शेतात आणि आवाज येतोय कपाटातून. आवाजाकडे लक्ष जायला वेळ लागतो, कारण तो यूट्यूबवरच्या धड्यांत दिसत नाही. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ केला हे सगळे सांगतात. त्या चित्रपटाला जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचाही राष्ट्रीय पुरस्कार होता, हे कमी जण सांगतात. आसामात छायगावला रीमा दास यांनी स्वतःच लिहून, स्वतःच कॅमेरा धरून, स्वतःच कापून गावच्या पोरांना घेऊन ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ केला. तो 2018 साली देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि त्याच्याही मिळालेल्या पुरस्कारांत जागेवरच्या आवाजाचा एक होता. तो मिळाला मल्लिका दास यांना, म्हणजे रीमा यांच्याच चुलत बहिणीला. महोत्सवात मुलं विचारतात, मॅडम, कुठला कॅमेरा घेऊ? मी सांगते, कॅमेरा राहू दे, आधी एक बरा माइक घे आणि बोलीवर कान ठेवायला एक बहीण शोध. ते हसतात. त्यांना वाटतं मी टोलवतेय.

पण आवाज दुरुस्त होतो. दुसरी गोष्ट होत नाही. त्या फिल्म पाहताना बऱ्याचदा मला जाणवतं की ही माझ्यासाठीच बनवली आहे. म्हणजे परीक्षकासाठी. कर्जबाजारी शेतकरी, दारुडा बाप, शाळा सुटलेली मुलगी, शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश आणि मागे पियानो. दुःख खोटं नसतं. तो पोरगा त्याच घरातून आलेला असतो. पण त्याच्या घरात पियानो वाजत नाही, आणि त्याची आई दुःखातसुद्धा इतक्या सावकाश बोलत नाही. परीक्षकांना काय आवडतं याचा त्याने अंदाज बांधलेला असतो, आणि तो अंदाज दुर्दैवाने बरोबर असतो. बक्षिसं आम्ही त्यांनाच देतो. कधी कोणी चावट, गावरान, हसवणारी फिल्म पाठवली तर ‘विषयाची खोली नाही’ असा शेरा तयारच असतो. मालेगावचा सुपरमॅन आमच्याकडे आला असता तर पहिल्या फेरीतच बाद झाला असता, याची मला खात्री आहे.

युगांडात कंपालाच्या वकालिगा वस्तीत आयझॅक नबवाना नावाचा माणूस मारधाडपट करतो. भंगारातल्या भागांतून जोडलेले संगणक, वस्तीतलेच नट. त्याचा 2010 चा चित्रपट 200 डॉलरच्या आत झाला, असा जगभर गवगवा झाला. लहानपणी त्याने सिनेमे पाहिले त्यापेक्षा ऐकले जास्त. थोरले भाऊ बघून यायचे आणि घरी रंगवून सांगायचे. त्या देशातल्या व्हिडिओ हॉलमध्ये चित्रपट चालू असताना एक माणूस माइकवरून भाषांतर करतो, टोमणे मारतो, नटाला शिव्या घालतो, प्रेक्षकांना चेतवतो. नबवानाच्या चित्रपटावर अशाच माणसाचा आवाज कायमचा चढलेला आहे. आमच्या ‘मागे घे रे’चाच तो आफ्रिकी भाऊबंद. डिस्कवर जागा नाही म्हणून नबवानाने जुन्या चित्रपटांच्या मूळ फाइली पुसून टाकल्या, त्यात तो गाजलेलाही गेला. आज जे दिसतं ते वाटलेल्या डीव्हीडीवरून. ठेवायला जागा नसणं ही या धंद्यातली खरी गरिबी. व्हीएचएसवर काढलेली आपल्याकडची किती कॅसेट बुरशी खाऊन गेली असेल, याची मोजदाद ठेवायला कुणी बसलेलं नव्हतं.

मालेगावची परंपरा मात्र मेलेली नाही. ती मोबाइलवर गेली. छोटू दादाचे खानदेशी विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहेत, ज्यांना खानदेश कुठे आहे हे ठाऊक नाही अशांनीही पाहिले आहेत. त्यांना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पोट भरतंय, पोरं कामाला लागताहेत, त्यात विनोदाची जाणही आहे. तरी तिथला प्रेक्षक म्हणजे एक आकडा. तो किती वेळ थांबला हे कळतं, कुठल्या सेकंदाला निघून गेला तेही आलेखात दिसतं, पण तो का उठला ते विचारायला तो समोर नसतो. शुक्रवारचा प्रेक्षक उठून गेला तर जाताना कारण ओरडून जायचा.

गेल्या हिवाळ्यात चांदवड तालुक्यातल्या एका गावात मी असा प्रेक्षक पाहिला. आमच्या महोत्सवात दुसरं बक्षीस मिळालेल्या पोरांनी ग्रामदैवताच्या जत्रेत आपली फिल्म दाखवायची ठरवली. कुस्त्या संपल्यावर, तमाशा सुरू व्हायच्या आधी, वीस मिनिटं. प्रोजेक्टर शाळेतून मागून आणला, पडदा म्हणून लग्नाच्या मांडवाचं पांढरं कापड, आवाज जत्रेच्या डीजेवरून. मी म्हटलं, पियानो या स्पीकरवर कसा वाजेल देव जाणे. तो फार वाईट वाजला.

फिल्म गंभीर होती. शेतकरी आत्महत्या करतो, संध्याकाळी त्याची बायको चुलीपुढे बसून भाकरी थापते, डोळ्यांत पाणी, धुरातून तिरपा उजेड. निवड समितीत आम्ही त्या चित्राचं फार कौतुक केलं होतं. माझ्याच शेऱ्यात ‘धुराचा काव्यात्म वापर’ असे शब्द आहेत. जत्रेत लोक पहिली पाच मिनिटं ओळखीचे चेहरे शोधत होते. हा बघ सोपान! अरे ते आपलं खळं! मग हळूहळू गप्प झाले. गळफासाच्या प्रसंगाला बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि चूल आली.

‘आरं बंद कर ते,’ पुढच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली. ‘मयताच्या घरात कुनी चूल पेटवतं व्हय?’

मग सगळेच बोलायला लागले. खरंच की. शेजारचे आणून देतात. पिठलं-भाकरी घेऊन जातात. आणि ती बाई एकटी कशी बसलीय? भावकी कुठे गेली? एक जण म्हणाला, सुतक पाळत नाहीत का रे तुमच्या पिक्चरमध्ये? हशा पिकला. दिग्दर्शक पोरगा, कानात बाळी, अंगात काळा टीशर्ट, प्रोजेक्टरपाशी उभा होता. त्याने फिल्म थांबवली. कुणीतरी मागून म्हणालं, मागे घे. त्याने मागे घेतली. चूल पुन्हा आली, पुन्हा ओरडा झाला. आता लोकांना मजा येत होती आणि त्या पोरालाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. समितीतल्या आम्हा पाच शहाण्यांना एक साधी गोष्ट दिसली नव्हती. आम्ही धूर बघत बसलो होतो.

तमाशावाले घाई करत होते तरी चर्चा चालूच राहिली. चूल काढायची, त्याऐवजी शेजारीण टोपल्यात भाकरी घेऊन येते असं करायचं. ती आत जाऊन बसते आणि काही बोलत नाही. ‘काही बोलत नाही कसं?’ म्हातारी म्हणाली. ‘खा म्हनते की. दोन घास खा, पोरांकडं बघून खा, आसं म्हनते.’ पोराने खिशातून मोबाइल काढला आणि ते वाक्य तिच्याच आवाजात टिपून घेतलं. डीजे बंद होता, त्यामुळे आवाज चांगला आला असावा.

मग शेजारणीचं काम कोण करणार हा प्रश्न आला, आणि सगळी पोरं एकदम एकमेकांच्या बहिणींकडे बोट दाखवायला लागली. म्हातारीने थोडा वेळ ऐकून घेतलं.

‘मीच यीन,’ ती म्हणाली. ‘पन दुपारचं ठेवा. सकाळी कांदे लावायला जायचं आसतं. आन् भाकरी माज्या घरच्या घ्या, त्या पडद्यावरल्या भाकरीला नीट पापुद्रासुदिक नव्हता.’